टायमिंग बेल्ट वारंवार ‘घसरतो’: कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर

आधी इंजिनाची माहिती, कारण पुढचे सगळे हिशेब या आकड्यांवर आहेत. चार सिलिंडर, पेट्रोल, वर एकच कॅम. क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा. टायमिंगचा दातेरी पट्टा दोघांच्या चाक्यांवरून जातो आणि त्यांचा मेळ राखतो. क्रँकच्या चाकीला २० दात, कॅमच्या चाकीला ४०, पट्ट्याला ११३. इंजिन इंटरफिअरन्स जातीचं, म्हणजे टायमिंग फार चुकलं तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणून या सगळ्या कामात स्टार्टरला हात लावण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवलेला आहे. कुठेही अडलं तर तिथेच थांबायचं.

तक्रार अशी. गाडी खालच्या आरपीएमला ओढत नाही, आयडलिंग खडबडीत, स्टार्ट व्हायला वेळ घेते, आणि अधूनमधून गाडीच्या कॉम्प्युटरवर पी००१६ हा बिघाडाचा कोड येतो. क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही, एवढंच तो सांगतो. कव्हर उघडून पहिला पिस्टन वर आणला की कॅमची खूण मागे राहिलेली दिसते. पट्टा एक दात पुढे घेतला की गाडी बरी पळते. काही दिवसांनी पुन्हा उघडावं तर आता खूण पुढे गेलेली. एक दात मागे. मग पुन्हा तेच रडगाणं.

पट्टा नवा आहे, त्याला ताण देणारा टेन्शनरही नवा. जुने दोन्ही खराब नव्हते हे आता कळतंय, पण तो खर्च होऊन गेला.

५ ऑक्टोबर

पट्टा घसरण्याची जी जी कारणं असतात ती एकेक करून तपासली.

टेन्शनर: काटा खाचेच्या मधोमध. थंड इंजिनावर दोन फेरे फिरवून पुन्हा पाहिला, जागचा हलला नव्हता. टेन्शनरचा स्टड सरळ आहे, त्याच्या मागची जीभ ब्लॉकमधल्या खाचेत नीट बसलेली आहे. ही जीभ खाचेबाहेर राहिली तर काटा बरोबर दिसतो आणि ताण मात्र टिकत नाही. म्हणून आरसा धरून बघावं, बोटाने चाचपून समाधान मानू नये.

तेल: कॅमचं सील कोरडं. क्रँकचं पुढचं सील तर चक्क नवं दिसतं, कडा अजून चकाकते. आधी कुणीतरी बदललेलं असणार. तेव्हा या गोष्टीला महत्त्व दिलं नाही.

वॉटर पंप: पुली हाताने हलवली, खेळ नाही, गळती नाही. आयडलर (पट्ट्याला वाट देणारी मोकळी पुली) गुळगुळीत फिरतो, खरखर नाही.

पट्टा: दात शाबूत, मुळाशी तडे नाहीत, कडा घासलेल्या नाहीत. दाताचा आकार चाकीच्या खोबणीत पूर्ण बसतो. गोल दातांच्या चाकीवर चौकोनी दातांचा पट्टा चढवला गेला तर तो खरोखर उडी मारतो, म्हणून जुन्या पट्ट्याशी ताडून पाहिलं. सारखाच आहे.

घसरण्याचं एकही कारण सापडलं नाही. ताण योग्य असलेला चांगला पट्टा चांगल्या चाकीवर दात सोडत नाही. आणि सोडलाच तरी पळत्या इंजिनात कॅम मागे पडतो. पुढे जायला इंजिन उलटं फिरावं लागतं, म्हणजे गिअरमध्ये उभी केलेली गाडी उतारावर मागे सरकणे वगैरे. आपल्या गाडीत तर खूण कधी मागे, कधी पुढे.

११ ऑक्टोबर

सगळं सोडवून नव्याने बसवलं. पट्टा ताठ बाजूने चढवत आलो: आधी क्रँक, मग ज्या बाजूला टेन्शनर नाही तिथून वर कॅम, आणि सगळी ढील टेन्शनरकडे. कॅमवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा दाब असतो, त्यामुळे खुणेवर आणलेली चाकी हात सोडताच टुणकन पुढे जाते. तिला पाना लावून धरावं लागतं. एकट्याने करत असाल तर कागद पकडायच्या मोठ्या क्लिपांनी पट्टा चाकीला धरून ठेवा.

इथे एक तास फुकट गेला तो पट्ट्यावर छापलेल्या पांढऱ्या रेघांमुळे. बसवताना रेघा दोन्ही चाक्यांच्या खुणांवर होत्या. दोन फेरे फिरवून पाहतो तर रेघा भलतीकडेच! पट्टा पुन्हा उतरवायला घेतला आणि मग हिशेब केला. क्रँकच्या एका फेऱ्यात पट्टा २० दात पुढे जातो आणि पट्ट्याला दात ११३. २० आणि ११३ यांच्यात सामाईक काहीच नाही. दोन्ही रेघा दोन्ही खुणांवर परत यायला क्रँकचे २२६ फेरे लागतात. रेघा फक्त पहिल्यांदा बसवण्यापुरत्या असतात. त्यानंतर पाहायचं ते चाकीची खूण आणि ब्लॉकवरची खूण, चाकीची खूण आणि हेडवरची खूण. ‘पट्टा दोन फेऱ्यांत घसरतो’ असं म्हणणाऱ्यांपैकी काहींचा पट्टा घसरलेलाच नसतो.

बसवल्यावर दोन्ही चाक्या आपापल्या खुणांवर.

१२ ऑक्टोबर

गाडी फिरवून आणली. पहिल्या चढालाच दम गेला. कोडही आला.

गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये चढणारा दाब, मोजलं. चारही सिलिंडर १०.४ ते १०.७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पुस्तकात १२.५. एखादा व्हॉल्व्ह वाकला असता तर एकच सिलिंडर पडला असता. चौघांचं सारखंच कमी म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतायत, म्हणजे कॅम मागे आहे. एक चांगली बातमी: व्हॉल्व्ह वाचलेत.

पण कालच तर सगळ्या खुणा जुळवल्या होत्या.

१८ ऑक्टोबर

खालचं कव्हरही काढलं. या इंजिनात पुढची पुली चार छोट्या बोल्टांनी चाकीच्या बॉसवर बसते. चाकी क्रँकवर धरणाऱ्या मधल्या मोठ्या बोल्टला न छेडता पुली निघते, म्हणून पट्टा बदलताना त्या बोल्टकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

पट्ट्यावर रंगाच्या रेघा ओढण्यात अर्थ नव्हता, त्या २२६ फेऱ्यांनी भेटणार. त्याऐवजी ताठ बाजूचे दात मोजले: क्रँक-चाकीच्या खुणेपासून कॅम-चाकीच्या खुणेपर्यंत. पट्ट्याने खरोखर उडी मारली तर हा आकडा बदलतो, नाहीतर कितीही फिरवा, तोच राहतो. बसवताना ३८ होते. आज मोजले, ३८.

म्हणजे पट्टा जागेवर आहे. क्रँक-चाकीची खूण ब्लॉकच्या बाणावर, कॅमची खूण हेडच्या खाचेवर. मग प्लगच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन पाहिला, तर पिस्टन वर नाही! तो वर जाऊन खाली उतरायला लागलाय.

आतापर्यंतच्या गोंधळाचा उलगडा इथे झाला. खुणा चाकीवर पाहिल्या की सगळं बरोबर दिसतं आणि पिस्टन वर आणून पाहिलं की कॅम चुकलेला दिसतो. मी कधी हे पाहत होतो, कधी ते. पट्टा, कॅम आणि क्रँकची चाकी, तिघांचं आपसात जमलेलं आहे. जमत नाही ते चाकी आणि क्रँक यांचं.

१९ ऑक्टोबर

आज मोजमाप. पिस्टनचं खरं वरचं टोक स्क्रूड्रायव्हरने कळत नाही, कारण वरच्या टोकाजवळ क्रँक बराच फिरला तरी पिस्टन जेमतेम हलतो. म्हणून जुन्या प्लगचा चिनीमातीचा भाग फोडून काढला, त्यात आटे पाडून बोल्ट बसवला आणि पहिल्या सिलिंडरला अडसर केला. क्रँक सावकाश एका दिशेने अडेपर्यंत फिरवायचा, खूण करायची. मग उलट्या दिशेने अडेपर्यंत, दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये पिस्टनचं वरचं टोक. अडसराला ठोसा द्यायचा नाही, फक्त टेकवायचं.

खूण कुठे करायची हा खरा प्रश्न. पुढच्या टोकावरच्या कशावरही आता भरवसा नाही. पुली चाकीवर बसलेली, म्हणजे तीही त्याच खोटेपणात सामील. फ्लायव्हील मात्र मागच्या टोकाला थेट क्रँकला बोल्टांनी जखडलेलं असतं. त्यावरच्या कवचाची, बेल हाउसिंगची, रबरी खिडकी काढली की फ्लायव्हीलच्या कडेच्या रिंग गिअरचे दात दिसतात. खडूने खूण करून एक पूर्ण फेरा मोजला: १२० दात. म्हणजे एका दाताला ३ अंश. यापेक्षा सोपी मोजपट्टी शोधून मिळाली नसती. क्रँक फिरवायला पुढचं एक चाक उचललं, वरचा गिअर टाकला आणि चाक हाताने फिरवलं. मोठ्या बोल्टवर पाना लावला नाही, कारण फिरवता फिरवता तोच आवळला गेला असता आणि पुरावा पुसला गेला असता.

पिस्टन वर असताना आणि चाकी खुणेवर असताना, या दोन्हींत रिंग गिअरचे ३ दात अंतर. कधी सव्वातीन. म्हणजे ९ अंशांच्या आसपास.

आता पट्ट्याचा एक दात म्हणजे किती? क्रँकच्या चाकीला २० दात, ३६० भागिले २०, १८ अंश. पट्टा घसरला असता तर फरक १८ आला असता, नाहीतर ३६. पट्टा अर्धा दात घसरूच शकत नाही. मोठा पाना उचलण्याआधी हा भागाकार केला असता तर नवा टेन्शनर दुकानातच राहिला असता.

एक दात पुढे घेतल्यावर गाडी बरी का पळायची तेही कळलं. ९ अंश मागे असलेला कॅम ९ अंश पुढे जायचा, आणि थोडा पुढे असलेला कॅम खालच्या आरपीएमला जोर देतो. दुखणं तेवढंच राहायचं, फक्त बाजू बदलायचं.

२५ ऑक्टोबर

शेवटची खात्री. रिंग गिअरच्या दातात अडकणारा लॉक लावून फ्लायव्हील जाम केलं. मग कॅमच्या चाकीला पाना लावून हलक्या हाताने पुढेमागे केलं. पट्टा हलतो, त्याच्याबरोबर क्रँकची चाकी हलते, आणि क्रँक जागेवर! डोळ्यांनी दिसण्याएवढी हालचाल. म्हणूनच खूण कधी मागे तर कधी पुढे दिसत होती: क्रँक शेवटी कोणत्या दिशेने फिरवलाय त्यावर ते ठरायचं. यापुढची सगळी मोजमापं इंजिन पळतं त्याच दिशेने फिरवून घेतली.

मोठा बोल्ट टॉर्क पान्याने तपासला. पुस्तकात १६० न्यूटन-मीटर. पाना ६० वर लावला होता, तेवढ्यालाच बोल्ट पुढे सरकला.

बोल्ट काढला, चाकी काढली. चाकी पुलरशिवाय हाताने निघाली, हीही एक निशाणीच. वॉशरच्या खाली आणि चाकीच्या तोंडावर लालसर तपकिरी भुकटी. दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर बारीक बारीक घासले की ती तयार होते. अर्धचंद्राकृती चावी, म्हणजे क्रँक आणि चाकी दोघांच्या खाचांत बसणारा लोखंडी तुकडा, मधोमध पायरीसारखी कापली गेलेली.

सील बदलणाऱ्याने बोल्ट पुरेसा आवळला नसावा किंवा चाकीच्या तोंडावर घाण राहिली असावी. नक्की सांगता येत नाही. पण बिघाड कसा होतो हे सांगता येतं. चाकीवरचा जोर चावीने झेलायचा नसतो. बोल्टच्या दाबाने चाकी क्रँकच्या खांद्यावर चिकटून बसते आणि ते घर्षण जोर वाहतं. चावी फक्त जागा दाखवते. दाब कमी झाला की सगळा मार चावीवर, आणि कॅमचा भार झटक्याझटक्याने येत असल्यामुळे ती दोन्हीकडून ठोकली जाते. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या माझदा मियाटा गाड्यांच्या १.६ लिटर इंजिनात हा दोष चांगलाच माहितीचा आहे. तिथे क्रँकचं नाकच, म्हणजे चाकी बसते ते पुढचं टोक, आखूड होतं.

कोडबद्दल एक गोष्ट. या गाडीत क्रँकचा सेन्सर मागे फ्लायव्हीलवर आहे, म्हणून पी००१६ आला. ज्या इंजिनात सेन्सर पुढच्या चाकीवरून किंवा पुलीवरून वाचतो, तिथे सेन्सरचं चाक आणि पट्ट्याची चाकी एकत्रच सरकतात. कॉम्प्युटरला मेळ बरोबर दिसतो आणि कोड येत नाही. तिथे हा बिघाड शोधायला अजून वेळ जाईल.

२६ ऑक्टोबर

व्हर्नियरने मोजलं. क्रँकच्या नाकाचा व्यास ३२ मिमी, म्हणजे परीघ साधारण १०० मिमी आणि १ मिमीला ३.६ अंश. क्रँकची खाच ५ ऐवजी ६.१. चाकीची खाच ५ ऐवजी ५.६. चावी ०.८ खाल्लेली. बेरीज २.५ मिमी, म्हणजे ९ अंश. मागच्या टोकाला मोजलेलं आणि पुढच्या टोकाला मोजलेलं जुळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

पर्याय चार. क्रँक बदलणे: सगळ्यात पक्कं, पण इंजिन पूर्ण उतरवावं लागेल. खाच वेल्डिंगने भरून पुन्हा कापणे: क्रँकच्या नाकाला इतकी उष्णता देण्याची हिंमत नाही, आणि नीट करायचं तर इंजिन उतरवावंच लागेल. फक्त नवी चावी टाकून बोल्ट आवळणे: खाच रुंद असताना चाकी नेमकी कुठे बसेल ते नशिबावर. चौथा पर्याय पायरीची चावी: खालचा भाग रुंद, क्रँकच्या खाचेत बसणारा, वरचा भाग ५ मिमी, नव्या चाकीत बसणारा. जोडीला रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे भागांमधली फट भरून त्यांना धरून ठेवणारा गोंद. चौथा घेतला.

क्रँकच्या खाचेची जोर देणारी कड खाल्ली गेली होती, दुसरी जवळजवळ शाबूत. शाबूत कड हाच संदर्भ धरला. खाल्लेली कड बारीक कानशीने सरळ केली. खाच ६.२ झाली. सीलमध्ये लोखंडाचा कीस जाऊ नये म्हणून कापडाची वात गुंडाळून ठेवली होती.

१ नोव्हेंबर

चावी लेथवाल्या काकांकडून मिलिंगवर करून घेतली. चावीचं चित्र मीच काढून दिलं होतं. आकडे सगळे बरोबर, फक्त गाडीच्या पुढची बाजू कोणती ते चित्रात लिहिलं नव्हतं, आणि पायरी उलट्या बाजूला आली. हातात धरून ती ओळखू येत नाही. नवी चाकी कोरडी बसवून रिंग गिअरवर मोजलं तेव्हा दीड दाताचा फरक आला. १.२ मिमी, ४.३ अंश, बरोबर. काका म्हणाले, “बाण काढून आण की रे, कुठलं तोंड पुढं ते!” बाण काढून पुन्हा गेलो. तुम्ही करून घेणार असाल तर चित्रावर बाण काढा, आणि कंपाउंड लावण्याआधी कोरडं बसवून मोजाच. कंपाउंड लावल्यावर हे कळलं असतं तर पुलर, आच आणि शिव्या.

दुसरी चावी बोटाच्या दाबाने जात नव्हती, तेलाच्या दगडावर घासून बसवली.

८ नोव्हेंबर

जोडणी. क्रँकचं नाक, नवी चाकी, चावी, वॉशर, सगळं अ‍ॅसिटोनने धुतलं. चाकीच्या आणि खांद्याच्या तोंडावर कानशीचे बारीक काटे राहिले नाहीत हे नखाने तपासलं. काटा राहिला की आज टॉर्क बरोबर येतो आणि तो चेपला गेला की बोल्ट ढिला. ०.५ मिमीपर्यंतची फट भरणारं कंपाउंड फक्त नाकावर आणि चावीच्या बाजूंना लावलं. सीलच्या ओठाकडे जाऊ दिलं नाही. चाकी बसवल्यावर जोर येतो त्या दिशेने दाबून धरली आणि कंपाउंड धरायच्या आत बोल्ट आवळला.

बोल्ट नवा, आटे कोरडे, १६० न्यूटन-मीटर. आवळताना क्रँक फ्लायव्हीलच्या लॉकने धरलेला. कॅमला खुणेवर धरून ठेवणारी पिन किंवा पट्टा यांच्या भरवशावर हा बोल्ट कधीही आवळू नका. पट्ट्याचे दात किंवा पिन, काहीतरी जाईल. बोल्टचं डोकं, वॉशर आणि चाकी यांवरून पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढली.

२४ तास तसंच ठेवलं.

९ नोव्हेंबर

पट्टा चढवला, ताण दिला. फ्लायव्हील लॉक, कॅमला पाना, पुढेमागे. चाकी हलत नाही. लॉक काढून दोन फेरे. पिस्टनचं वरचं टोक आणि चाकीची खूण यांत रिंग गिअरवर फरक शून्य. ताठ बाजूला ३८ दात.

गाडी पहिल्याच हिसक्याला सुरू झाली. गरम करून कॉम्प्रेशन: १२.२ ते १२.५. आयडलिंग स्थिर. कोड पुसला.

२२ नोव्हेंबर

साधारण ५०० किलोमीटर झाल्यावर पुली काढून पाहिलं. पिवळी रेघ सलग आहे. रिंग गिअरवर फरक नाही. कोड आलेला नाही. काढून ठेवलेला जुना टेन्शनर चांगला आहे, डब्यात भरून ठेवला.

या दुरुस्तीचं आयुष्य किती ते गाडी पळेल तसं कळेल. पुढची तपासणी इंजिन ऑइल बदलताना, आणि रेघ तुटलेली दिसली तर सरळ क्रँक बदलणार, पुन्हा चावी नाही. पुढचं सील कधी बदलावं लागलं तर चाकी आता नुसत्या पुलरने निघणार नाही, आधी चांगली गरम करावी लागेल, आणि आत पायरीची चावी आहे जी उलटी बसू शकते. हे दोन्ही कव्हरच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलंय, बाणासकट.